कार्डावरचा कोड

(दृश्य: टेबलावर ठेवलेलं एक कार्ड. कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

आकार क्रेडिट कार्डाएवढा. फोटो, जन्मतारीख, बोटाचा ठसा आणि मुदत संपण्याची तारीख. हा अमेरिकेत नोकरी करण्याचा परवाना. तिथल्या मराठी घरांत याला 'ईएडी' म्हणतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर गेलेल्या कित्येकींनी याची वाट पाहण्यात वर्षं काढली आहेत. आजची गोष्ट मात्र त्यांची नाही. ज्यांच्या व्हिसाची मुदत कधीच संपली, किंवा जे व्हिसाशिवायच सीमा ओलांडून आले, त्यांची आहे. हे कार्ड त्यांनाही मिळू शकतं. म्हणजे, त्यांतल्या काहींना.

कार्डावर 'कॅटेगरी' असा शब्द आहे आणि त्याखाली एक छोटा कोड. सी०८, सी०९, सी१०. माणसाला परवाना कोणत्या वाटेनं मिळाला, हे त्या कोडवरून कळतं. विचित्र गोष्ट ही, की 'मी वीस वर्षं इथं राबतोय' या कारणासाठी त्यात एकही कोड नाही.

(दृश्य: हॉटेलचं स्वयंपाकघर. वाफ, भांड्यांचा ढीग, फक्त हात दिसतात.)

एकदा मात्र काम मोजलं गेलं होतं. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून देशात राहणाऱ्यांना अर्ज करता आला. शेतमजुरांनी तर वर्षभरात नव्वद दिवस शेतावर काम केल्याचं दाखवलं तरी पुरलं. सुमारे २७ लाख लोक कायम रहिवासी झाले. पण याच कायद्यातून 'आय-९' हा फॉर्म आला. नव्या माणसाला कामावर घेतलं, की तीन कामकाजी दिवसांत त्याचे कागद तपासणं मालकावर बंधनकारक झालं. एका हातानं दार उघडलं आणि दुसऱ्या हातानं त्याला कडी बसवली.

कर भरण्यासाठी 'आयटिन' नावाचा नऊ आकडी नंबर मिळतो. अनेक जण तो घेऊन दरवर्षी इमानेइतबारे कर भरतात. सरकार पैसे घेतं. पण त्या नंबरावर नोकरी करता येत नाही.

(दृश्य: लग्नाचा फोटो. मग दुसरा.)

आता सी०९. एकाच स्वयंपाकघरात काम करणारे दोघे जण डोळ्यांसमोर आणा. दोघांच्याही बायका अमेरिकन नागरिक. पहिला विमानानं आला, पर्यटक व्हिसावर. विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला आणि मुदत संपल्यावर हा परत गेलाच नाही. दुसरा वाळवंटातून रात्री चालत आला. आज दोघंही तितकेच बेकायदा. पण पहिला देशात राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. नागरिकाचा नवरा म्हणून मुदतीबाहेरचं राहणं आणि परवान्याविना केलेलं काम, दोन्ही सहसा आड येत नाही. अर्ज विचाराधीन असतानाच त्याला सी०९ मिळतं.

दुसऱ्याला मायदेशी जाऊन तिथल्या वकिलातीत व्हिसा मागावा लागतो. आणि इथं १९९६ चा कायदा आडवा येतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात, तर तीन वर्षं परत यायचं नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं, तर दहा वर्षं. मेख अशी, की ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. बेकायदा राहणाऱ्यानं निघून जावं असं ज्या कायद्याला वाटतं, तोच त्याला जागचा हलू देत नाही. हे कुणी मुद्दाम केलं की अनवधानानं, कोण जाणे; पण लाखो लोक यात अडकून पडले आहेत.

२०१३ पासून एक फट आहे. निघण्याआधीच बंदीची माफी मागता येते. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे, नाहीतर आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. मुलांचे हाल स्वतंत्रपणे धरले जात नाहीत. आणि या अर्जावर, तो कितीही काळ पडून राहिला तरी, कामाचा परवाना मिळत नाही.

म्हणून जाणता वकील पहिल्याच भेटीत विचारतो: तुमच्या नावानं, किंवा तुमच्या आईवडिलांच्या नावानं, पूर्वी कुणी अर्ज केला होता का? ३० एप्रिल २००१ पर्यंत दाखल झालेली एखादी जुनी याचिका सापडली आणि बाकीच्या अटी बसल्या, तर १,००० डॉलर दंड भरून दुसऱ्यालाही देशातच अर्ज करता येतो. ट्रंकेच्या तळाशी पडलेली पावती अशी आयुष्य फिरवू शकते.

(दृश्य: न्यायालयाचा रिकामा कॉरिडॉर.)

सी०८ म्हणजे आश्रय मागणारे. देशात आल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, अपवाद थोडे. या वाटेच्या मुदती आणि फी सारख्या बदलतात. पण भीती खरी नसताना नुसत्या कार्डासाठी आश्रय मागणं हा जुगार आहे. अर्ज फेटाळला, की प्रकरण थेट हद्दपारीच्या न्यायालयात.

आणि काही सल्लागार हेच मुद्दाम घडवतात. 'दहा वर्षं झाली ना? मग ग्रीन कार्ड पक्कं!' असं सांगून पैसे घेतात. ते ज्या तरतुदीबद्दल बोलतात ती आहे सी१०. दहा वर्षांचा वास, चांगली वर्तणूक, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला, आईवडिलांना किंवा मुलाला असामान्य त्रास होईल याचा पुरावा. पण हे मागता येतं फक्त न्यायाधीशासमोर, हद्दपारीचा खटला सुरू असताना. वर्षाला मर्यादा ४,०००. हरलात, तर हातात हद्दपारीचा हुकूम.

लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ. अमेरिकेतला नोटरी सही साक्षांकित करतो, बस. या एका शब्दाच्या जोरावर अशा सल्लागारांनी अनेकांची आयुष्यभराची बचत लुटली आहे.

ए१९ हा कोड गुन्ह्याचा बळी ठरलेल्यांचा. पोलिसांना मदत केली आणि तसं प्रमाणपत्र मिळालं, तर यू व्हिसा. वर्षाला १०,०००, आणि रांग कित्येक वर्षांची. २०२१ पासून प्राथमिक छाननीत प्रकरण खरं वाटलं, तर व्हिसाआधी परवाना देण्याची सोय झाली. सी३१ छळ सोसलेल्या जोडीदारांचा. छळणाऱ्या जोडीदाराला न सांगता स्वतःच अर्ज करता येतो. सी३३ लहानपणी आणलेल्या मुलांचा, २०१२ पासूनचा, दोन-दोन वर्षांचा. नव्यांना तो न्यायालयीन आदेशांमुळे मिळेनासा झाला आहे. ए१२ युद्ध किंवा आपत्ती ओढवलेल्या ठरावीक देशांचा. त्या यादीत भारत कधीच नव्हता.

(दृश्य: पुन्हा ते कार्ड. मग एक जुनं, पिवळं पडलेलं कॅलेंडर.)

'रजिस्ट्री' नावाची आणखी एक तरतूद आहे, १९२९ ची. अमुक तारखेच्या आधी आलात, तेव्हापासून इथंच आहात, वर्तणूक चांगली आहे, तर कायम रहिवासी व्हा. ना लग्न लागतं, ना गुन्हा घडावा लागतो. पहिली तारीख होती ३ जून १९२१. मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती पुढे सरकवत गेली: १९२४, १९४०, १९४८. शेवटी १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ वर आणली. त्यानंतर ती हललेली नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत आईच्या कडेवर बसून आलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून गेलं आहे, आणि या तरतुदीच्या लेखी ते अजूनही उशिराच आलेलं आहे.