आर्चबिशप मोठे की बिशप?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला एक बिशप आहेत आणि एक आर्चबिशपही आहेत. दोघांच्या पदाला नाव लिव्हरपूलचंच. ऐकणाऱ्याला वाटतं, आर्चबिशप म्हणजे वरचे आणि बिशप त्यांच्या हाताखालचे. तसं मुळीच नाही. लिव्हरपूलचे बिशप अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, आणि त्यांचे वरिष्ठ यॉर्कला बसतात. लिव्हरपूलचे आर्चबिशप कॅथलिक, ते मानतात रोमच्या पोपना. पुन्हा सांगतो, बिशप अँग्लिकन, आर्चबिशप कॅथलिक, आणि कोणीच कोणाच्या हाताखाली नाही. जिने दोन आहेत, पायऱ्यांची नावं तेवढी सारखी.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, यानं रोमच्या पोपशी नातं तोडलं, पण बिशप, डीन, कॅनन ही जुनी पदं तशीच ठेवली. पुढे 1850 मध्ये पोप नववे पायस यांनी इंग्लंडात पुन्हा कॅथलिक बिशपांची व्यवस्था उभी केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! 1851 मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला. कॅथलिक बिशपनं आपल्या पदाला तिथल्या गावाचं नाव लावलं, तर 100 पौंड दंड. 1871 मध्ये तो रद्दही झाला. पदव्यांचा मोह वाईटच. आपल्याकडे मानद डॉक्टरेट मिळाली की दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीवर ‘डॉक्टर’ लागतं, ते मला अजिबात आवडत नाही. असो. लिव्हरपूलला कॅथलिक बिशप आले 1850 मध्ये, अँग्लिकन बिशप 1880 मध्ये. म्हणजे तिथे कॅथलिक आधीचे.

आता लिव्हरपूलच का निवडलं, ते सांगतो. 1952 चा ऑगस्ट महिना. लंडनचं ओव्हल मैदान. भारताचे कप्तान आपले सांगलीचे विजय हजारे, मराठी ख्रिस्ती घरातले. समोर इंग्लंडचा 23 वर्षांचा सलामीवीर, डेव्हिड शेपर्ड. केंब्रिजचा विद्यार्थी. त्यानं आपल्या गोलंदाजांना दमवून 119 धावा काढल्या. मग आपला डाव आटोपला 98 धावांत. पावसानं लाज राखली, सामना अनिर्णित राहिला.

हाच शेपर्ड 1955 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू झाला. आणि 1956 मध्ये पुन्हा कसोटी खेळला! धावफलकावर नाव आलं, ‘रेव्हरंड डी. एस. शेपर्ड’. मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं 113 धावा केल्या. त्या सामन्यात जिम लेकरनं 19 बळी घेतले, म्हणून सगळे लेकरचंच नाव घेतात. त्या शतकाची आठवण कोणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. 1960 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला त्यानं साफ नकार दिला. माणूस तसा होता.

तर 1975 मध्ये हेच शेपर्ड लिव्हरपूलचे बिशप झाले. पुढच्याच वर्षी तिथे कॅथलिक आर्चबिशप म्हणून आले डेरेक वॉरलॉक. या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी भांडलेले. पण या दोघांनी ठरवलं, शहरासाठी बोलायचं ते एकत्र बोलायचं. कारखाने बंद पडत होते, पोरं बेकार होत होती, आणि हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे. लोकांनी त्यांना नाव दिलं, ‘फिश अँड चिप्स’! तळलेला मासा आणि बटाट्याचे काप, कायम जोडीनं, आणि कायम वर्तमानपत्रात. तिकडे ते वर्तमानपत्रातच बांधून मिळायचे ना! कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. शहराच्या होप स्ट्रीटच्या एका टोकाला अँग्लिकन कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला कॅथलिक. 1982 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आले, तेव्हा ते दोन्हीकडे गेले. आज त्याच रस्त्यावर शेपर्ड आणि वॉरलॉक यांचं स्मारक आहे, दोघांचं मिळून एक. त्यात थोरला कोण, धाकटा कोण, हे शोधू नका.

वेळ संपत आलीय, तेव्हा बाकीचं थोडक्यात. व्हिकर म्हटलं की अँग्लिकनांत तो बहुधा पॅरिशचा, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीचा, प्रमुख. कॅथलिकांत ते काम पॅरिश प्रीस्टचं, आणि व्हिकर जनरल म्हणजे बिशपांच्या खालोखालचा अधिकारी. रेव्हरंड दोन्हीकडे चालतं. फादर मुख्यतः कॅथलिकांत, पण काही अँग्लिकनही म्हणवून घेतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1994 पासून स्त्रियाही धर्मगुरू होतात, कॅथलिकांत नाही.

मुंबईतही हेच आहे. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल मूळचं अँग्लिकन. 1970 मध्ये अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून ते त्यांच्याकडे आहे. कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल कॅथलिकांचं. तेव्हा लग्नाच्या पत्रिकेवर नुसतं ‘कॅथेड्रल’ छापलेलं असेल, तर निघण्याआधी फोन करून कोणतं ते विचारून घ्या.

नमस्कार.