बुडबुडे थांबेपर्यंत

(मिरकरवाडा बंदर. पाऊस. ताडपत्रीखाली शाकारलेल्या बोटी.)

जून महिना. १ तारखेपासून मासेमारी बंद, ती थेट ३१ जुलैपर्यंत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. समुद्राला सुट्टी, इंजिनांना नाही. हंगामभर दामटलेलं डिझेल इंजिन उघडायचं ते याच दिवसांत.

(कार्यशाळा. स्टँडवर चार सिलिंडरचं इंजिन, भोवती मुलं.)

जिल्ह्यातल्याच एका आयटीआयमधली ही डिझेल मेकॅनिकची बॅच. वर्षभराचा ट्रेड. मुलं दहावी झालेली, बहुतेक मराठी शाळांतली. निळ्या बॉयलर सूटच्या गर्दीत साडीवर ॲप्रन चढवून उभ्या आहेत त्या इंग्रजीच्या मॅडम. हातात खडू नाही, दहा-अकराचा पाना आहे. आणि हो, तास इंग्रजीचाच चालू आहे.

एरवी या तासाला स्वतःची ओळख करून द्यायची, मुलाखतीला कसं बसायचं ते शिकायचं. त्यालाही कुणाची ना नाही. पण 'माय नेम इज' घडाघडा म्हणणारा मुलगा नव्या पंपाच्या खोक्यातला इंग्रजी सूचनांचा कागद उलटा-सुलटा करून बाजूला ठेवतो, त्याचं काय?

मॅडमनी सुरुवात केली ती मुलांना काय येतं तिथून. इंजिनाचे भाग दाखवा आणि नावं सांगा. पिस्टन, क्रँक, इंजेक्टर, गॅस्केट, फ्लायव्हील… फळा भरला. अडले फक्त 'गव्हर्नर'पाशी.

"मॅडम, राज्यपाल इथं कशाला?"

मॅडमनाही ते ठाऊक नव्हतं. शेजारी उभे असलेले शिल्पनिदेशक सर हसले. "अरे, डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग ताब्यात ठेवतो तो." दोन शिक्षक एका तासाला लागतात ते यासाठी.

तर, नामं मुलांच्या तोंडात होतीच. कोकणाला हे नवं नाही. चावी, पगार, काजू हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि इथलेच झाले. त्यासाठी कुणी व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही. पण तीही नामंच. मॅन्युअल वाचताना घोडं अडतं ते क्रियापदांपाशी.

(क्लोजअप: फडक्यानं पुसली जाणारी गॅस्केट.)

हे पाहा. कागदावर लिहिलंय, 'रिप्लेस द गॅस्केट'. मुलानं गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, काढली, पुसली, होती तिथं परत बसवली. 'री' म्हणजे पुन्हा, 'प्लेस' म्हणजे जागा. त्याच्या हिशोबात चूक कुठे? पण कागदाला हवी आहे नवी गॅस्केट. जुनी दाबून चपटी झालेली, ती गळणारच. काढलेली वस्तू परत बसवायची असेल तर शब्द 'रीफिट'. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आले. खाली दोन गॅस्केट खिळ्यांना लटकवल्या, एक जुनी, एक कोरी.

विषय शिकता शिकता भाषा शिकायची, ही कल्पना बरीच जुनी आहे. १९६५ साली कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. युरोपात १९९४ पासून अशा पद्धतीला 'क्लिल' म्हणू लागले. आमच्या मॅडम तिला काहीच म्हणत नाहीत. त्यांना पाना सापडला म्हणजे पुरे.

(क्लोजअप: डिझेल फिल्टर, सैल केलेला स्क्रू, फेस.)

आता आजचा धडा. फिल्टर बदलला की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल पुढे सरकत नाही, इंजिन नुसतं फिरतं. ती हवा काढायची. इंग्रजीत याला म्हणतात 'ब्लीड'. शाळेत या शब्दाचा अर्थ रक्त वाहणं असा पाठ केलेला, त्यामुळे पहिल्यांदा सगळे दचकले.

एकजण वाचतो, दुसरा करतो. 'लूजन द स्क्रू.' स्क्रू सैल. 'पंप बाय हँड.' अंगठा खालीवर. तिसऱ्या दाबाला हात थांबतो, स्क्रू आवळायला जातो. वाचणारा ओरडतो, "थांब, वाक्य संपलं नाय!"

'अंटिल देअर आर नो बबल्स.'

इथंच सगळी मेख आहे. आपण म्हणतो, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मार. आपला 'पर्यंत' आधी कानावर पडतो, काम मागून. इंग्रजीत काम आधी आणि अट शेपटीला. मराठी कानाचा मुलगा काम ऐकतो आणि सुटतो.

पुन्हा पंप. फेस. मग मोठे बुडबुडे. मग एकच. मग नितळ डिझेल.

"नाऊ टायटन," मॅडम म्हणतात.

(इंजिन सुरू होतं. धूर, आवाज.)

गेल्या बॅचमधले काही गॅरेजांत लागले, दोघं मुंबईला आहेत, एक घरच्याच बोटीवर.

(बंदर. बोटीचं इंजिनघर. कागद धरलेला हात.)

हा तोच. नवा पंप आलाय, खोक्यात घडीचा कागद आहे. नाखवा वरून विचारतो, "काय लिवलाय?" मुलगा लगेच उत्तर देत नाही. ग्रीसनं काळं झालेलं बोट ओळीवरून सरकत सरकत शेवटाकडे जातं आणि तिथून मागे येतं.