स्वप्नात जागं होणं: चिठ्ठ्यांमधले प्रश्न

तुमच्या चिठ्ठ्या चाळतोय. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे: स्वप्न हवं तसं वळवायचं कसं? मी तुम्हाला उलट विचारतो, काल रात्रीचं स्वप्न आठवतंय का? हात वर करा. बघा, मोजकेच. ल्युसिड ड्रीम म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ हे स्वप्नातच कळणं. पण स्वप्नच लक्षात राहत नसेल, तर ते कळून गेलेलंही सकाळी आठवायचं नाही. तेव्हा आधी उशाशी वही. जाग आली की कूस न बदलता तसंच पडून राहायचं, शेवटचं दृश्य धरून मागे मागे जायचं आणि मग लिहायचं. मोबाइलला हात लावलात की स्वप्न गेलंच म्हणून समजा.

दोन-तीन आठवड्यांत वहीत काही गोष्टी परत परत दिसू लागतात. माझ्या वहीत लिफ्ट होती, वर-खाली न जाता आडवी जाणारी. दर वेळी मी मुकाट्याने तिच्यात उभा! पुढे एकदा त्या लिफ्टमध्येच डोक्यात प्रकाश पडला.

‘हे खरं कशावरून?’ रास्त शंका. रेम झोपेत, म्हणजे बहुतेक ठसठशीत स्वप्नं पडतात त्या झोपेत, शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, पण डोळे हलत राहतात. 1975 साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे दाखवलं. 2021 मध्ये तर झोपलेल्या माणसाला ‘आठातून सहा गेले किती’ विचारलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं.

आता नाकाची युक्ती. नाक चिमटीत बंद करून श्वास घेऊन बघायचा; स्वप्नात तो बहुधा आत जातो. दिवसातून काही वेळा हे करायचं, मात्र ‘मी खरंच जागा आहे का?’ असं मनापासून विचारून. नुसती सवय म्हणून केलंत, तर स्वप्नातही सवयीनेच कराल आणि पुढे चालू लागाल.

वेळ कोणती? पहाटेची. रेमचे टप्पे रात्र सरते तसे लांबत जातात. पाचेक तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं घोकत पुन्हा झोपायचं. हे सुट्टीच्या दिवशी. रोज झोपमोड करून हा छंद करू नये.

‘कळलं की लगेच जाग येते.’ सगळ्यांचंच होतं, आनंद आवरत नाही. तळहात एकमेकांवर घासा, पायाखालची जमीन निरखा. स्वप्न टिकायला मदत होते.

आणि तो वळवण्याचा प्रश्न. हुकूम सोडला म्हणून स्वप्न क्वचितच ऐकतं. मनात जी अपेक्षा असते तिच्यामागे ते जातं. कुणाला भेटायचंय? समोर हवेत प्रकट करायला जाऊ नका. ‘तो या दारामागे आहे’ असं धरून चाला आणि दार उघडा. मी पहिल्यांदा उडायला गेलो तेव्हा कसाबसा स्टुलाएवढा वर उठलो, कारण पडेन अशी मनात खात्री होती! दिव्याचं बटण तर अनेकांना स्वप्नात दगाच देतं. अंधाऱ्या खोलीत दाबत बसतात, उजेड काही पडत नाही.

स्वप्नात अडकून पडाल, ही भीती नको. जाग येतेच. कधी जागं होताना अंग क्षणभर हलत नाही. घाबरायला होतं, पण ते आपोआप सुटतं. मात्र ज्यांना भास होतात किंवा खरं-खोटं वेगळं करणं जड जातं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

शेवटची चिठ्ठी: ‘उठलो, वहीत सगळं लिहिलं, मग पुन्हा जाग आली तर वही कोरी.’ हो, पहिलं उठणंही स्वप्नातलंच. माझी तर एकदा अशी दोन पानं गेली, तीही सुरेख अक्षरातली. तेव्हापासून उठलो की आधी नाक चिमटीत धरतो, मग पेन उचलतो.