राष्ट्रपतिपदाचा उमेदवार: आधी बेरीज, मग नाव

राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार, पण सगळ्यांच्या मताचं मूल्य सारखं नसतं. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य 175. उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं 208. गोव्यातल्या आमदाराचं 20, आणि सिक्कीमच्या आमदाराचं फक्त 7.

राष्ट्रपतिपदासाठी उमेदवार शोधायला बसलेल्या पक्षासमोर पहिल्यांदा येतो तो हा तक्ता. नावं नंतर.

हे आकडे येतात कुठून? 1971 च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235. तिला 288 आमदारांनी भागायचं, मग 1000 ने. उत्तर 175. सगळ्या राज्यांतल्या आमदारांच्या मतांची अशी बेरीज करून ती निवडून आलेल्या 776 खासदारांत वाटली, की एका खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. 2017 मध्ये ते 708 होतं. 2022 मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, म्हणून ते 700 वर आलं.

तक्ता मांडताना काही नावं खोडावी लागतात. राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांना इथं मत नाही. आपल्या विधान परिषदेच्या 78 जागांपैकी एकाही जागेवरच्या सदस्याला मत नाही.

वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्मे अधिक एक, हा झाला विजयाचा कोटा. आपली मतं त्यातून वजा केली की तूट समोर येते. नाव कसं हवं, हे ही तूट सांगते. 'निवडून येऊ शकेल' या शब्दांचा अर्थ इथं लोकप्रियतेशी जोडायचा नाही. जनता मत देणारच नाहीये. समोरच्या आघाडीतल्या नेमक्या कोणत्या पक्षाला या नावाला नकार देणं जड जाईल, एवढाच प्रश्न असतो.

आणि हा प्रश्न खरा आहे, कारण इथं व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचं हा पक्षाचा आदेश, चालत नाही. मतदान गुप्त असतं. पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाची आमदारकी किंवा खासदारकी जात नाही.

याचा सर्वांत मोठा धडा आहे 1969 चा. 3 मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळाच्या बहुमतानं नीलम संजीव रेड्डींना पसंती दिली. रेड्डींच्या बाजूनं मत देणाऱ्यांत यशवंतराव चव्हाणही होते. पक्षाकडे मतं होती, उमेदवार अधिकृत होता. पण पक्षातला वाद मिटवायच्या आधीच नाव ठरलं, आणि वाद थेट मतपेटीत उतरला.

वराहगिरी व्यंकट गिरी अपक्ष उभे राहिले. 'स्वतंत्र पक्ष' आणि जनसंघ या विरोधी पक्षांनी चिंतामणराव देशमुखांना उभं केलं. हेच ते देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतो. भेटीचा हेतू सरळ होता: पहिली पसंती देशमुखांना द्या, दुसरी रेड्डींना. हिशेब म्हणून तो बरोबरच होता. पण त्या भेटीनं इंदिरा गांधींच्या हाती अधिकृत उमेदवाराविरुद्ध जाण्याचं कारण दिलं. आमदार-खासदारांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, अशी भूमिका पुढे आली.

मतमोजणीचे आकडे पाहा. पहिल्या पसंतीची मतं: गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. कोटा 4,18,169. कुणीच पोहोचलं नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. रेड्डींना त्यातून 91,879 मतं मिळाली, गिरींना जेमतेम 18,562. दुसऱ्या पसंतीचा डाव साधला होता! पण रेड्डी थांबले 4,05,427 वर आणि गिरी पोहोचले 4,20,077 वर. फरक 14,650. दुसरी पसंती उमेदवाराला वर ओढते, पण घरातूनच फुटलेली पहिली पसंती ती भरून काढू शकत नाही.

2007 मध्ये याच्या उलट घडलं. काँग्रेसकडून शिवराज पाटील यांचं नाव पुढे आलं, ते डाव्या पक्षांना मान्य नव्हतं. सरकार डाव्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभं होतं, त्यामुळे ते नाव तिथंच संपलं. मग आलं प्रतिभाताई पाटील यांचं नाव. जळगावच्या प्रतिभाताई तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या. समोर होते उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, आणि त्यांना भाजपच्या आघाडीचं बळ. पण त्या आघाडीतली शिवसेना मराठी उमेदवाराच्या पाठीशी गेली. निकाल: 6,38,116 विरुद्ध 3,31,306. 2012 मध्येही शिवसेनेनं आघाडी बाजूला ठेवून प्रणव मुखर्जींना मत दिलं.

2022 मध्ये विरोधी पक्षांकडून झालेली चूक क्रमाची होती. शरद पवार, फारुख अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी, तिघांचीही नावं चर्चेत आली आणि तिघांनीही नकार दिला. संमती आधी खासगीत घ्यायची, नाव नंतर उच्चारायचं. इथं उलट झालं. जाहीर नकारानंतर येणारं नाव चौथ्या पसंतीचं ठरतं. 21 जूनला यशवंत सिन्हा जाहीर झाले. त्याच दिवशी संध्याकाळी भाजपनं द्रौपदी मुर्मू यांचं नाव घोषित केलं. ओडिशाच्या मयूरभंजमधल्या संथाळ आदिवासी, झारखंडच्या माजी राज्यपाल. ओडिशातलं बिजू जनता दल, झारखंडमध्ये काँग्रेसबरोबर सत्तेत असलेला झारखंड मुक्ती मोर्चा, इकडे उद्धव ठाकरेंची शिवसेना, यांपैकी कुणालाही या नावाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. मुर्मूंना 6,76,803, सिन्हांना 3,80,177.

नाव ठरलं की कागद. वय किमान 35, लाभाचं पद नको. 50 सूचक आणि 50 अनुमोदक, तेही मतदारच. एका मतदारानं दोन अर्जांवर सही केली, तर नंतरची सही धरली जात नाही. अनामत 15,000 रुपये. एकाच उमेदवाराचे चार अर्ज भरता येतात, आणि ते भरावेतच, कारण एका संचात चूक निघाली तर दुसरा वाचवतो.

शेवटचं काम सगळ्यांत दुर्लक्षित: स्वतःच्या मतदारांना मत द्यायला शिकवणं. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. केंद्रावर दिलेल्याच पेनानं लिहायचं. पसंती आकड्यात, 1 किंवा १. अक्षरात 'एक' लिहिलं तर मत बाद. दोन नावांपुढे 1 लिहिला तरी बाद. 2012 मध्ये मुलायमसिंह यादवांनी चुकीच्या नावापुढे खूण झाली म्हणून मतपत्रिका फाडली आणि दुसरी मागून घेतली. ते मत धरलं गेलं नाही.

2017 मध्ये 77 मतं बाद झाली, त्यांत 21 खासदारांची. 21 गुणिले 708, म्हणजे 14,868. गिरी आणि रेड्डी यांच्यातला शेवटचा फरक यापेक्षा कमी होता.