बिऱ्हाड हललं, विम्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. घर बदलताना गॅस, वीजबिल, आधारवरचा पत्ता सगळं आठवतं. सामानाच्या विम्यावर मात्र जुनाच पत्ता राहून जातो. बडोद्यातच दांडिया बाजारातून मांजलपूरला बिऱ्हाड हललं आणि पॉलिसीत दांडिया बाजारच राहिला, तर नव्या घरात आग लागल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. कारण विमा असतो तो त्या पत्त्यावरच्या सामानाचा.

१ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी बघा. घरातून दुसरीकडे हलवलेल्या वस्तूंचं नुकसान तिच्यात सरळ वगळलेलं आहे. आणखी एक मेख आहे. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. जुनं घर विकलं की हा आधारच जातो. पुढचं घर भाड्याचं असलं, तर फक्त सामानाची पॉलिसी घ्या, तीही मिळते.

हलण्याच्या आठ-दहा दिवस आधी कंपनीला ईमेल करा. पॉलिसी क्रमांक, नवा पत्ता, मजला, बांधकाम, घर स्वतःचं की भाड्याचं, राहायला जाण्याची तारीख, सगळं लिहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते बडोद्याला ठाऊक आहे, म्हणून तळमजला असेल तर तो लपवू नका. उत्तरादाखल एन्डोर्समेंट, म्हणजे पत्ताबदलाचा कागद, हातात आलाच पाहिजे. एजंटच्या तोंडी ‘झालं समजा’वर विसंबू नका. जादा प्रीमियम निघाला तर तो आधी भरा. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम मिळण्याआधी कंपनी जोखीम घेत नाही. सामान दोन-तीन खेपांत जाणार असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी दोन्ही पत्त्यांवरचं संरक्षण लेखी मागून घ्या.

आता टेम्पोतलं सामान. त्याला वेगळा ट्रान्झिट, म्हणजे वाटेतल्या प्रवासाचा, विमा लागतो, आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. पॅकर्सवाले बिलात ‘इन्शुरन्स’ म्हणून काही टक्के लावतात, पण पॉलिसी निघालेलीच नसते. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमच्या वस्तूंची किमतीसह यादी असलेलं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी मागा. काय-काय धरलंय तेही वाचा: काही पॉलिसींत आग, टक्कर, गाडी उलटणं एवढंच असतं, उतरवताना फुटलेला टीव्ही त्यात बसत नाही. कच्च्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसानही वगळतात, म्हणून काचसामान घरी गुंडाळण्यापेक्षा पॅकर्सकडूनच बांधून घ्या. दागिने, रोकड, दस्तऐवज स्वतःजवळ ठेवा.

बांधण्याआधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन चालू करून व्हिडिओ घ्या, सीरियल नंबर दिसू द्या. उतरवल्यावर खोकी उघडून पाहिल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका; काही फुटलं असेल तर सहीच्या वरच लिहा. मग त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. रस्ता वाहतूक कायदा २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत ही नोटीस गेली नाही, तर त्याच्यावर दावा करता येत नाही.