टिकलीचं बाळंतपण

नमस्कार. पाऊस कोसळतोय, विजेचा भरवसा नाही, आणि नेमकी अशाच रात्री कुणाच्या तरी पडवीत कुत्री विणार असते. आज तिच्या बाळंतपणाविषयी बोलू.

दिवस भरतात साधारण 63. ते जवळ आले की सकाळ-संध्याकाळ मागून थर्मामीटर लावून बघा. एरवी 101-102 असणारा पारा 99 च्या खाली गेला, की बहुधा 24 तासांत ती विते. 99 च्या खाली, लक्षात असू द्या.

आमची टिकली अगदी गावठी, डिचोलीच्या घरची. तिच्यासाठी मी टीव्हीचा खोका कापून, आत जुनं गोधडं घालून काय थाट केला होता! बाईसाहेबांनी तो नुसता हुंगला. संध्याकाळी बांगडा कुस्करून घातलेल्या पेजेवरून तोंड फिरवलं आणि धापा टाकत माडाच्या झावळ्यांच्या, चुडतांच्या ढिगामागे जाऊन जमीन उकरायला लागली. मी उचलायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे रे. बाळंतीण ती की तू?"

अकराला वीज गेली. बॅटरीच्या उजेडात पहिलं पिल्लू आलं, तेही शेपटीकडून. माझे हातपाय गळाले. पण कुत्र्यांत हे नेहमीचंच. मग दुसरं, तिसरं. चौथं आलं तेव्हा टिकली तिसऱ्याला चाटण्यात गुंग. हे आपलं पिशवीतच. मी टॉवेल शोधतोय तोवर आईने नखाने पिशवी फाडली, आधी तोंडाकडची. करंगळीला फडकं गुंडाळून तोंडातला चिकटा काढला आणि बाबांच्या पंच्याने त्याला खसाखसा चोळायला लागली. कुणी बोलेना. कौलांवर नुसता पाऊस. आणि मग बिजागरी कुरकुरावी तसा एवढासा आवाज आला. आईने पिल्लू टिकलीच्या पोटाशी लावलं आणि हात धुवायला गेली.

सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पों-पों करत आला. रोज त्याच्या सायकलीमागे धावणाऱ्या टिकलीने नुसता एक कान उचलला.

गावठीच पाळा हो! गोव्याच्या उकाड्यात हस्की आणून एसीत कोंडणाऱ्यांना काय म्हणावं?

असो. वार, म्हणजे पिल्लामागून पडणारा नाळेचा गोळा, तिने खाल्ली तरी चालते, पण मोजा: जितकी पिल्लं तितक्या वारा. कॅल्शियमच्या गोळ्या गाभण असताना मनाने देऊ नका. आणि डॉक्टर कधी? जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, तेव्हा. आत पिल्लं आहेत पण दोन तास झाले तरी पुढचं येत नाही, तेव्हा. पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी गेलं, तर लगेच. पुन्हा सांगतो: अर्धा तास कळा, दोन तास खंड, आधीच हिरवं पाणी. डॉक्टरांचा नंबर आजच कागदावर लिहून ठेवा, आणि वीज आहे तोवर फोन चार्जिंगला लावा. नमस्कार.