कॅलेला चमत्कार म्हणू नका

मित्रहो, आज एका हरलेल्या संघाबद्दल बोलायचं आहे. फुटबॉलच्या फ्रेंच चषकाचा १९९९-२००० चा हंगाम नाँतने जिंकला. तरी फ्रान्समध्ये त्या वर्षाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कॅलेचं.

कॅले हे फ्रान्सच्या उत्तर टोकाचं बंदर. डोव्हरहून इंग्लिश खाडी पोहत येणारे ज्या किनाऱ्याला लागतात, तो इथून जवळच. त्या वेळी कॅलेचा संघ चौथ्या श्रेणीत होता आणि खेळाडू होते हौशी. कुणी गोदीत, कुणी शाळेत, कुणी दुकानात काम करायचा आणि कामावरून सुटला की सरावाला यायचा. शाहू स्टेडियमवर आपापल्या तालमीच्या पोरांसाठी घसा कोरडा करणाऱ्या तुम्हा कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको.

या चषकाची रचना मला फार आवडते. १९१७ साली, महायुद्ध चालू असतानाच, तो सुरू झाला; त्याच युद्धात मारले गेलेले फुटबॉल संघटक शार्ल सिमोन यांच्या स्मरणार्थ. खेड्यातला क्लबही यात उतरू शकतो. समोरचा संघ दोन श्रेणी खाली असेल, तर मैदान त्याचं. आणि सामना एकच. परतीचा सामना नाही, त्यामुळे हिशेब चुकता करायला दुसरी संधी नाही. हरलात की बाहेर.

प्रशिक्षक लादिस्लास लोझानो यांचा हा संघ गावपातळीच्या फेऱ्यांतून वर आला. शेजारच्या डंकर्कला त्याने ४-० ने हरवलं. मग लील. लील तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि त्याच हंगामात तिथला विजेता होऊन वर गेला. सामना १-१, निकाल पेनल्टीवर. पुढे कान शहराच्या संघावरही पेनल्टीवरच मात केली. इथवर नशिबाची साथ होती, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

उपउपांत्य फेरीत पहिल्या श्रेणीतला स्ट्रासबूर्ग आला, तेव्हा मात्र पेनल्टीची गरजच पडली नाही. कॅले २-१ ने जिंकलं. कॅलेचं स्वतःचं मैदान एवढ्या गर्दीला पुरणारं नव्हतं, म्हणून हा सामना आणि पुढचा उपांत्य सामनाही लाँसच्या मोठ्या स्टेडियमवर झाला.

उपांत्य फेरीत समोर बोर्दो. आदल्या वर्षीचा लीगविजेता! नव्वद मिनिटं एकही गोल नाही. जादा वेळेत कॅलेने आघाडी घेतली, बोर्दोने बरोबरी साधली. अशा वेळी हौशी संघ कोसळतो, पायात गोळे येऊन खेळाडू पडतात. कॅलेने आणखी दोन गोल केले. ३-१. दिवसभर काम करून सराव करणारी माणसं एकशेविसाव्या मिनिटापर्यंत धावतात, ती केवळ नशिबावर धावत नाहीत. याला चमत्कार म्हटलं की त्यांची मेहनत पुसली जाते, म्हणून तो शब्द मला खुपतो.

७ मे २०००. स्ताद द फ्रान्सवर ७८ हजारांवर प्रेक्षक, म्हणजे अख्ख्या कॅले शहराची लोकसंख्या भरेल एवढे. ३४व्या मिनिटाला जेरोम द्युतीत्रने गोल केला आणि मध्यंतराला चौथ्या श्रेणीचा संघ पुढे होता. मध्यंतरानंतर लगेच नाँतच्या आंत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी केली. मग शेवटच्या मिनिटाला नाँतला पेनल्टी मिळाली. सिबिएर्स्कीनेच ती मारली आणि सामना २-१ ने संपला. ती पेनल्टी द्यायला हवी होती का, यावर तिथे अजून वाद होतात. माझ्या मते ती फार सैल हाताने दिली गेली.

नाँतलाही खलनायक करू नका. लीगमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार डोक्यावर घेऊन ते खेळत होते. त्यांचा कर्णधार गोलरक्षक मिकाएल लांद्रो, वयाची २१ वर्षं पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी. चषक घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला बरोबर घेतलं. दोघांनी मिळून चषक उंचावला. नियमात असं काही नव्हतं. विशीतल्या पोराला ते तिथल्या तिथे सुचलं, हे मला आजही थक्क करतं.

२००८ साली कॅलेत नवं स्टेडियम झालं. त्याला खेळाडूचं किंवा पुढाऱ्याचं नाव नाही. नाव दिलं ‘एपोपे’, म्हणजे महागाथा. ज्यांची ती गाथा, तो क्लब मात्र कर्जात बुडाला आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत बंद झाला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, तिसऱ्या श्रेणीतला लेझ एर्बिए हा छोटा संघ अंतिम फेरीत पॅरिस सँ-जर्मँकडून २-० ने हरला. सामना संपल्यावर पॅरिसचा कर्णधार थियागो सिल्वाने त्यांच्या कर्णधाराला हाक मारली, आणि पुन्हा एकदा दोन कर्णधारांनी एकच चषक वर धरला.